न विकायची जमीन आणि गाव सोडणारे मामा

पश्चिम सुमात्राच्या डोंगराळ भागात, मरापी आणि सिंगालांग या ज्वालामुखींच्या उतारांवर, भातखाचरांच्या मधोमध मिनांगकाबाउ लोकांची गावे वसली आहेत. या लोकांबद्दल बाहेरच्यांना दोन गोष्टी हटकून ठाऊक असतात. एक, इथे घर आणि जमीन आईकडून मुलीकडे जाते. दुसरी, इथला मुलगा वयात आला की गाव सोडतो. या बाहेर पडण्याला ते ‘मरांताउ’ म्हणतात आणि जिथे जायचे त्या मुलखाला ‘रांताउ’. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांची सांगड ज्या रीतीने घातली जाते ती मला अपुरी वाटते. जमीन बायकांची, म्हणून पुरुषाला गावात काही उरत नाही, म्हणून तो निघतो; आणि एकदा का बाहेरचे वारे लागले की ही जुनी व्यवस्था आज ना उद्या कोसळणार, असा तो सरळसोट हिशेब. शंभर वर्षांहून अधिक काळ तो मांडला जातो आहे आणि दर पिढीत चुकतो आहे. चूक कुठे होते? या हिशेबात प्रवास कायम खर्चाच्या बाजूला लिहिलेला असतो. वास्तविक ज्या गावात जमीन विकायचीच नाही असा नियम आहे, त्या गावाला अडीनडीची रोकड बाहेरूनच आणावी लागते. मिनांगकाबाउंची जमीन इतकी वर्षे अखंड राहिली ती पुरुष बाहेर पडत राहिले म्हणून, असे माझे म्हणणे आहे.

आधी घर पाहू, कारण मालमत्तेचा सगळा कायदा त्याच्या रचनेतच उमटलेला आहे. ‘रुमाह गदांग’ म्हणजे मोठे घर: लाकडी खांबांवर उचललेले, लांबट, दोन्ही टोकांना म्हशीच्या शिंगांसारखे वर वळलेले छत, आणि ते पूर्वी ताडाच्या एका जातीच्या काळ्या तंतूंनी शाकारलेले. पुढची बाजू म्हणजे सलग मोकळी ओसरी, तिथे बैठका आणि पंगती. मागच्या बाजूला खोल्यांची ओळ, आणि या खोल्या लग्न झालेल्या मुलींच्या. नव्याने लग्न झालेल्या मुलीला टोकाची खोली मिळते. धाकटीचे लग्न ठरले की थोरली तिची खोली रिकामी करून स्वयंपाकघराच्या दिशेने सरकते. मुलग्यांसाठी या ओळीत जागाच नाही. सात-आठ वर्षांचा झाला की मुलगा रात्री ‘सुराउ’मध्ये झोपायला जात असे. सुराउ म्हणजे छोटेखानी प्रार्थनाघर. तिथे कुराण वाचायला शिकायचे, सिलात या मर्दानी कलेचे डावपेच शिकायचे, आणि वाटसरू व बायको गमावलेले म्हातारे मुक्कामाला असत त्यांच्या तोंडून दूरच्या बाजारपेठांच्या गोष्टी ऐकायच्या. लग्नानंतरही स्थिती फारशी बदलत नसे. नवरा संध्याकाळनंतर बायकोच्या घरी जाई, सकाळी उठून आईच्या खाचरात राबायला परते. बायकोच्या घरात तो ‘सुमांडो’, म्हणजे जावई. मान भरपूर, अधिकार नावापुरता. झाडाच्या बुंध्यावर साचलेली राख, वारा आला की उडाली, असे त्याच्याबद्दल तिकडे म्हणतात. आपल्याकडे घरजावई हा थट्टेचा विषय. तिथे प्रत्येकच जावई तसा, त्यामुळे थट्टेला वावच नाही. त्याचा शब्द चालतो तो बहिणीच्या घरात, भाचे-भाच्यांवर. तिथे तो ‘मामाक’, म्हणजे मामाच. अशा मामांपैकी एकाला ‘दातुक’ ही पदवी देऊन घराण्याचा नायक करतात.

आपल्या कायद्यात वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा भेद आहे, तसाच इथेही आहे. फक्त पहिल्या शब्दातले वडील वगळावे लागतील. आईच्या कुळाकडून पिढ्यान्‌पिढ्या आलेली खाचरे, घर, पदवी आणि दागिने म्हणजे ‘हार्ता पुसाका’. माणसाने स्वतः मिळवलेले ते ‘हार्ता पेंचारियान’. पुसाका विकता येत नाही. गहाण ठेवता येते, तेही परंपरेने चारच निमित्तांनी: घरात प्रेत पडले आहे आणि उत्तरक्रियेला पैसा नाही, मुलगी थोराड झाली आणि लग्न अडले आहे, मोठ्या घराचे छत गळते आहे, किंवा नायकाचे पद रिकामे पडले आहे आणि नव्या दातुकच्या मानाची मेजवानी देण्याची ऐपत नाही. गहाणाची रीतही वेगळी. पैसे देणारा जमीन कसतो, पीक खातो, व्याज असे नसते. आणि घेतलेली रक्कम, जुन्या काळी सोन्याच्या वजनात, परत केली की जमीन मूळ घराण्याकडे येते. मुदत नाही. आजीने गहाण टाकलेले खाचर नातीने सोडवल्याची उदाहरणे तिथे नवलाची नाहीत. आता या चार निमित्तांकडे हिशेबाच्या नजरेने पाहावे. मरण, लग्न, छत आणि पद ही चारही कुठल्याही घराण्यावर पिढीतून एकदा तरी येणारच. म्हणजे जमीन गहाण पडणारच. मग ती सोडवायची कशातून? भातातून वाचवून सोने साठवायला डोंगरातल्या चार खाचरांचे उत्पन्न पुरत नाही. सोने बाहेरून यायला हवे, आणि ते आणायला ज्याला घरात खोली नाही असा माणूस हाताशी होता.

हा प्रवास एकदम समुद्रापार झेप घेणारा नव्हता. त्याची पहिली शाळा आठवडी बाजार. डोंगराळ भागातल्या गावांनी, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘नगरी’ंनी, बाजाराचे वार वाटून घेतले होते; अजूनही सोमवारचा बाजार, गुरुवारचा बाजार अशी नावेच काही गावांना चिकटलेली आहेत. डोक्यावर कापडाचे किंवा भांड्यांचे गाठोडे घेऊन तरुण पोरगा आज या गावी, उद्या त्या गावी फिरायचा आणि आठवड्याअखेरी सुराउत परत. पुढचा टप्पा किनाऱ्याचा: पश्चिमेला तिकू, पारियामान आणि पाडांग ही बंदरे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज औषधविक्या तोमे पिरेश याने या किनाऱ्यावर गुजराती व्यापाऱ्यांची ये-जा नोंदवली आहे. डोंगरातले सोने खाली उतरत होते आणि हिंदुस्थानचे सुती कापड वर चढत होते. पूर्वेला सियाक, काम्पार, इंद्रगिरी या नद्यांच्या वाटेने मलाक्काच्या सामुद्रधुनीपर्यंत आणि पलीकडे मलाया द्वीपकल्पात. तिथल्या नगरी सेंबिलानमध्ये स्थायिक झालेल्या मिनांगकाबाउंनी आईच्या कुळाचा कायदाही सोबत नेला, आणि १७७३ मध्ये आपला राजा म्हणून त्यांनी मायभूमीतून राजा मेलेवार याला आणवले. आज मलेशियाच्या त्या राज्यात तो कायदा ‘आदात परपातिह’ या नावाने ओळखला जातो. जपानी समाजशास्त्रज्ञ त्सुयोशी काटो यांनी या सगळ्या हालचालींचे तीन काळ पाडले: आधी नवी गावे वसवत जाणे, मग एकट्या पुरुषाने जाऊन-येऊन राहणे, आणि अलीकडे बायकापोरांसह कायमचे शहरात बिऱ्हाड करणे. माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने मधला काळ सर्वांत बोलका आहे.

कारण त्या काळात बाहेरची कमाई जमिनीत कशी मुरते हे स्पष्ट दिसते. पाडांगहून किंवा मेदानहून परतलेला माणूस पैसे आणायचा ते मुख्यतः आई-बहिणींच्या घरी. त्यातून गहाण सुटायचे, छत दुरुस्त व्हायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जुन्या घरांवर काळ्या तंतूंच्या जागी जस्ताचे पन्हळी पत्रे दिसू लागले, आणि पत्रे काही गावात पिकत नाहीत. पुरुषाने स्वतः विकत घेतलेली किंवा साफ करून लागवडीला आणलेली जमीनही एक-दोन पिढ्यांत भाच्यांच्या, म्हणजे बहिणीच्या मुलांच्या, हाती जाऊन पुसाकात जमा व्हायची. आधी ‘खालची’ पुसाका, मग कुणाच्या कमाईची होती हे विसरले गेले की ‘वरची’. उलट दिशेनेही पैसा वाहायचा. १८९७ च्या सुमारास पांडाम गदांग या खेड्यात जन्मलेल्या इब्राहिमला घराण्याने दातुक तान मालाका ही पदवी दिली आणि १९१३ मध्ये तो शिकायला हॉलंडला निघाला तेव्हा त्याच्या डच शिक्षकाच्या पुढाकाराने गावकऱ्यांनीच कर्जाऊ पैसे उभे केले. गावाला त्यात शिक्षक हवा होता. निघाला इंडोनेशियाचा पहिल्या फळीतला कम्युनिस्ट क्रांतिकारक. गुंतवणूक कधी कधी अशी फिरते. पण पदवी गावची, माणूस परदेशी आणि खर्च घराण्याचा ही मांडणी अपवादाची नव्हती.

यावर पहिला आक्षेप अर्थशास्त्र्यांचा: रूढी-बिढी सोडा, डोंगरात भातजमीन थोडी आणि तोंडे फार, म्हणून माणसे निघाली. यात तथ्य आहे. १८१८ मध्ये ब्रिटिश अधिकारी स्टॅम्फर्ड रॅफल्स पाडांगहून डोंगर चढून पागारुयुंग या जुन्या राजधानीला गेला तेव्हा इतकी दाट वस्ती आणि इतकी कसून केलेली शेती पाहून तो चकित झाला होता. कोटो गदांग या गावात जमीन तुटपुंजी, म्हणून तिथले लोक चांदीकामात आणि पुढे डच कचेऱ्यांत, दवाखान्यांत आणि शाळांत शिरले. इंडोनेशियाचे राष्ट्रीय नेते आगुस सालिम तिथलेच. पण टंचाई फक्त निघण्याचे कारण सांगते, निघून काय केले ते सांगत नाही. जावात दाटी याहून जास्त होती. तिथल्या शेतकऱ्यांना सुमात्राच्या दक्षिणेकडे हलवण्यासाठी डच सरकारला १९०५ पासून वसाहतींची योजना आखावी लागली, आणि गेलेली कुटुंबे तिथे जमीन कसत राहिली. मिनांगकाबाउ पुरुष कुणी न हलवता निघाला, बहुधा एकटा निघाला, आणि परमुलखात जमीन शोधण्याऐवजी त्याने दुकान, शिलाई, खाणावळ असे धंदे धरले. शेती करायची तर ती घरची होतीच, आणि ती सांभाळायला बहीण होती. मोख्तार नाइम यांनी या स्थलांतरावर सविस्तर प्रबंध लिहिला. त्यातही टंचाईचे कारण इतर अनेक कारणांपैकी एक म्हणूनच येते.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, कारण तो प्रवासातूनच जन्मला. याच वाटेने माणसे मक्केला गेली आणि तिथून आईच्या कुळाच्या वारशाविरुद्ध सर्वांत कडक भाषा घेऊन आली. १८०३ च्या सुमारास तीन हाजी परतले आणि ‘पाद्री’ नावाची इस्लामी सुधारणेची चळवळ सुरू झाली. जुगार, कोंबड्यांच्या झुंजी, ताडी यांच्यावर कोरडे ओढता ओढता ती जुन्या घराण्यांवरच घसरली, मोठी घरे जळाली. १८२१ मध्ये डच त्यात उतरले आणि १८३७ मध्ये पाद्रींचा बालेकिल्ला बोंजोल पडेपर्यंत लढाई चालली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मक्केच्या मोठ्या मशिदीत इमाम झालेले अहमद खातिब, आगाम भागातले मिनांगकाबाउच, यांनी तिथूनच फतव्यासारखे लिहिले की भाच्यांना मिळणारी पुसाका ही मुलांच्या हक्काची लूट आहे. ते स्वतः कायमचे परतले नाहीत. परतले ते त्यांचे शिष्य, आणि इथे गोष्ट वळते. त्यांच्यातले हाजी रसूल, लेखक हामका यांचे वडील, गावात राहून विचार करत होते. पुसाका कुणा एकाची मिळकतच नाही, तेव्हा ती वारसांत वाटायची कशी, असा प्रश्न त्यांनी उलट टाकला आणि तिला वक्फासारखी, राखून ठेवलेली मालमत्ता मानले. कमावलेले मात्र शरियतीप्रमाणे मुलाबाळांना जावे. १९५२ मध्ये बुकिटिंग्गीच्या परिषदेत घराण्यांचे नायक, उलेमा आणि शिकलेली मंडळी एकत्र बसली तेव्हा याच वाटणीवर शिक्कामोर्तब झाले. ही तडजोड शक्य झाली ती दोन वेगळी खाती आधीपासून होती म्हणून. आणि दुसरे खाते मुळात भरले होते ते प्रवासाने. प्रवास नसता तर धर्म आणि रूढी यांना एकाच खाचरावरून भांडावे लागले असते. हामकांनी स्वतः १९३८ च्या ‘फान देर वेइक जहाजाचे बुडणे’ या कादंबरीत बापाकडून मिनांगकाबाउ असलेल्या पण आईकडून परक्या तरुणाची फरपट रंगवून या रूढीला चांगलेच बोल लावले, हे मात्र विसरू नये. ज्याच्या आईचे तिथे घर नाही त्याला या व्यवस्थेत खरोखरच थारा नव्हता.

तिसरे म्हणणे असे की व्यवस्था टिकली ती डचांमुळे. लायडनचे कायदेपंडित व्हान व्होलेनहोव्हन आणि त्यांचे शिष्य रूढीच्या कायद्याचे खंदे पाठीराखे होते. सरकारने गावच्या जमिनीची खुली विक्री होऊ दिली नाही, म्हणून ती उरली. याला केरळशी ताडून पाहणे उपयोगी आहे. तिथल्या नायरांचे ‘तरवाड’ हेही आईच्या कुळाचे अविभक्त घर. १९२५ च्या त्रावणकोरच्या आणि १९३३ च्या मद्रासच्या कायद्यांनी तरवाडाच्या वाटण्यांना दार उघडले, घरे भराभर फुटली, आणि १९७५ मध्ये केरळ विधिमंडळाने एकत्र कुटुंबपद्धतीच रद्द केली. कायद्याचा आधार किती मोलाचा असतो ते यातून दिसते, हे मान्यच. पण कायद्याने फार तर विक्री रोखता येते. गहाण सोडवायला लागणारे सोने कायदा पुरवत नाही. शिवाय डचांचे हात तेवढे कोमल नव्हते. १८४७ पासून त्यांनी कॉफी सक्तीने गोळा केली. १९०८ मध्ये ती सक्ती उठवली आणि तिच्या जागी रोख कर बसवला, त्यावर कामांग आणि मांगोपोहला उठाव झाला. मांगोपोहच्या लढ्यात सिती नावाची बाई पुढे होती. उठाव चिरडला गेला, कर राहिला, आणि कराची नाणी भातातून निघत नसल्याने आणखी पुरुष बाहेर पडले. १९२७ च्या सिलुंगकांगच्या कम्युनिस्ट बंडानंतर नेमलेल्या चौकशीत श्रीके या विद्वानाने निष्कर्ष काढला की पैशाच्या व्यवहाराने जुने घराणे आतून पोखरले आहे. त्याने पाहिलेली लक्षणे खरी होती: कमावता बाप भाच्यांऐवजी पोरांकडे पाहू लागला होता. निदान मात्र फसले. पोरांना कमाई मिळाली, जमीन बहिणीकडेच राहिली.

चौथी हरकत मला सर्वांत जड वाटते. ही सारी मांडणी बाईच्या खांद्यावर उभी आहे. बाहेरचे लोक तिला स्त्रीराज्य म्हणून मोकळे होतात. पण दातुक पुरुषच, परिषदेत बोलणारे पुरुषच, आणि चिखलात वाकून रोप लावणारी, म्हाताऱ्यांचे करणारी, वर्षानुवर्षे नवऱ्याच्या पत्राची वाट पाहणारी ती बाई. दूरच्या शहरात दुसरे लग्न करून बसलेला नवरा ही तिकडची नित्याची तक्रार होती. कोकणातल्या चाकरमान्यांची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की मुंबईहून मनीऑर्डर थांबली तर कोकणातली बाई सासरच्या दारात उभी असे. मिनांगकाबाउ बाई स्वतःच्या आईच्या घरात असे, आणि नवरा न परतल्याने तिची भातकोठी रिकामी होत नसे. तिला बाहेर काढणारे घरात कुणी नव्हते. तरीही मालकी आणि मोकळीक या दोन वेगळ्या चिजा आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. मोकळीक पुरुषाच्या वाट्याला आली. १९११ मध्ये कोटो गदांगला बायकांसाठी विणकाम-भरतकामाची शाळा काढणाऱ्या आणि पुढच्याच वर्षी ‘सुंटिंग मलायू’ हे बायकांचे वर्तमानपत्र चालवणाऱ्या रोहाना कुदुस यांना हे चांगले कळले होते.

म्हणूनच खरी कसोटी अलीकडची आहे. १९५८ मध्ये पाडांगकडच्या लष्करी आणि मुलकी नेत्यांनी जाकार्ताविरुद्ध बंड केले, ते मोडले, आणि त्यानंतर लोंढेच्या लोंढे राजधानीकडे गेले. ज्या शहराशी लढले तिथल्याच तानाह आबांगच्या कापडबाजारात त्यांनी जम बसवला, आणि पाडांगच्या खाणावळी देशभर पसरल्या. आता बायकाही निघतात. २०१० च्या जनगणनेत मिनांगकाबाउ सुमारे ६५ लाख भरले, त्यांपैकी पश्चिम सुमात्रात सुमारे ४२ लाख. म्हणजे तीनांतला एक बाहेर. ईदला बसगाड्यांचे तांडे करून गावेच्या गावे परततात, आठवड्याभरात पुन्हा ओस पडतात. मागे राहिलेली खाचरे नातलग निम्म्या वाट्याने कसतात. जाकार्ताने कायदे केले: गहाण जमीन सात वर्षांनी फुकट परत करावी असे १९६० च्या कायद्यात आहे, तर १९७९ च्या कायद्याने नगरीच मोडून तिचे तुकडे केले. पहिला कायदा पश्चिम सुमात्रात कुणी फारसा मनावर घेतला नाही, कारण गहाण हा तिथे सावकारी व्यवहार समजला जात नाही. दुसऱ्याचा परिणाम सन २००० मध्ये प्रांताने फिरवला आणि नगरी परत आणल्या.

प्रवासाने जमीन राखली ती घरात कुणीतरी थांबले होते म्हणून, आणि थांबणारी माणसे कमी झाली तर माझा युक्तिवाद लंगडा पडतो, हे कबूल करायला हवे. शहरांच्या आसपास पुसाकाची विक्रीही होते, कधी चार मामा परस्पर सह्या करून ती करतात आणि भाच्या कोर्टात जातात. पण आतल्या नगरींत अजून चित्र वेगळे आहे. पुसाकाचा सातबारा म्हणावा असा दाखला काढायचा झाला तर तो घराण्याच्या कारभारी मामाच्या नावे निघतो, आणि त्यावर कर्ज काढायचे किंवा ती कुणाला द्यायची तर घराण्यातल्या सगळ्यांची संमती लागते. ती माणसे पेकानबारूत असतात, जाकार्तात असतात, मलेशियात असतात. आणि जाकार्तातल्या भाचीला त्या दोन खाचरांच्या भाताची गरज नसली तरी सही करायची तिला घाई नसते.